बीपीचं मशीन, बाबांचा रेडिओ आणि चार्जिंगचे सेल

सासूबाईंना डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहायला सांगितलं, तेव्हापासून आमच्या घरात सेल पुरेनासे झाले. मशीनला चार पेन्सिल सेल लागतात. खालच्या वाण्याकडचे साधे सेल घातले की सुरुवातीला पट्टा झपझप फुगायचा. मग मोटरचा आवाज जड व्हायला लागायचा आणि एके दिवशी सकाळी पट्टा अर्धाच फुगून, बॅटरीचं चिन्ह दाखवून मशीन बंद. सासूबाई पाच मिनिटं शांत बसून, बाही वर करून तयार, आणि मशीन ढिम्म. "आता मोजशील तर वाढलेलंच येईल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गंमत म्हणजे मशीनने नाकारलेला तोच सेल हॉलमधल्या घड्याळात घातला की पुढे कित्येक महिने चालायचा. म्हणजे सेल संपलेला नसायचा. मशीनची मोटर पट्ट्यात हवा भरताना एकदम भरपूर करंट ओढते. साध्या झिंक-कार्बन सेलला तेवढा करंट झटक्यात देता येत नाही, त्याचं व्होल्टेज त्या क्षणापुरतं खाली बसतं आणि मशीनला वाटतं, सेल गेले. घड्याळाला लागणारा करंट इतका किरकोळ असतो की मरायला टेकलेला सेलही तेवढं देतो. प्रत्येक वस्तूची भूक वेगळी. हे एकदा लक्षात आल्यावर घरातल्या सगळ्या सेलवाल्या वस्तूंकडे मी याच हिशेबाने बघायला लागले. टीव्हीचा रिमोट, एसीचा रिमोट, दोन भिंतीवरची घड्याळं, माझा माउस, लेकाची रिमोटवर पळणारी गाडी, स्वयंपाकघरातला वजनकाटा, सासऱ्यांचा ट्रान्झिस्टर, आणि बाथरूममधला गॅस गीझर, त्याला ठिणगी पाडायला दोन मोठे सेल लागतात तो.

चार्जिंगचे सेल घेऊ या असं मी म्हटल्यावर पहिला विरोध नवऱ्याचा. "भिकार असतात ते. सहलीला न्यावेत तर निम्मे रिकामे." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, पण जुनं होतं. त्याने ते वापरले होते पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या काळात. तेव्हाचे निकेल-मेटल हायड्राइड सेल नुसते ड्रॉवरमध्ये पडून राहिले तरी महिन्याभरात त्यांची बरीच ताकद आपोआप उतरायची. २००५ च्या अखेरीस जपानच्या सान्यो कंपनीने एनलूप नावाचे सेल आणले, ते भरून ठेवले तर वर्षभरानंतरही बरेचसे भरलेले राहायचे. पुढे सान्यो पॅनासॉनिककडे गेली, एनलूप हे नाव टिकलं, आणि तसे सेल इतर कंपन्याही बनवायला लागल्या. पाकिटावर 'रेडी टू यूज' किंवा 'प्री-चार्ज्ड' असं लिहिलेलं असलं की समजायचं, हे त्या जातीचे. दुकानातून आणले की थेट वापरता येतात, कारण कारखान्यात भरलेली ताकद त्यांच्यात टिकून असते.

ऑनलाइन मागवता आले असते. पण मला कुणाला तरी चार प्रश्न विचारायचे होते, म्हणून शनिवारी दादरहून लोकल पकडून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोड गाठला. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तिथे जाणारा कुणी ते नाव घेत नाही. तिथल्या एका जुन्या दुकानातले काका निघाले अस्सल गिरगावकर. मी सेल मागितले, तर त्यांनी सेल दाखवलेच नाहीत.

"ताई, चार्जर कुठला आहे घरी?"

"नाहीये. सेलबरोबर एक फुकट येतो ना?"

"तो फुकटचाच असतो," ते म्हणाले, आणि काउंटरखालून दोन चार्जर काढून त्यांनी शेजारी शेजारी ठेवले.

त्या फुकटच्या चार्जरमध्ये चार खण दिसतात, पण आतून दोन-दोन खण एकत्र जोडलेले असतात. त्यामुळे सेल जोडीनेच लावावे लागतात. जोडीतला एक अर्धा भरलेला आणि एक पूर्ण उतरलेला असला तर चार्जरला फरक कळत नाही, पहिला भरून उतू जातो आणि दुसरा अर्धपोटी राहतो. शिवाय सेल भरला की थांबायचं, ही अक्कल त्यातल्या बऱ्याच चार्जरना नसते. काही नुसते घड्याळ लावून ठराविक तासांनी बंद होतात, काही तर आपण प्लग काढेपर्यंत चालूच. भरलेल्या सेलमध्ये वीज ढकलत राहिलं की तिची उष्णता होते आणि उष्णतेने सेलचं आयुष्य जातं. दुसऱ्या चार्जरचे चारही खण स्वतंत्र होते. सेल पूर्ण भरत आला की त्याचं व्होल्टेज चढायचं थांबून किंचित खाली येतं. ती बारीकशी घसरण हा चार्जर ओळखतो आणि तो खण तेवढा बंद करतो. वर छोटा पडदा, त्यावर प्रत्येक सेलचा आकडा. किंमत सेलच्या दुप्पट-तिप्पट. मी घासाघीस केली, त्यांनी चहा मागवला, आणि शेवटी चार्जर त्यांनी सांगितलेल्याच किमतीला घेतला.

माझं मत आता पक्कं झालंय, पैसे टाकायचे ते चार्जरवर. सेल मधल्या किमतीचेही चालतात.

सेल घेतले ते १९०० ते २००० एमएएचचे (सेलमध्ये किती ताकद मावते त्याचं हे माप), आणि बारीक पेन्सिल ७५०-८०० चे. जास्त क्षमतेचे, २५०० चे, तेही होते. काकांनी स्वतःच नको म्हणून सांगितलं. त्यांची ताकद जास्त, पण पुन्हा पुन्हा भरण्याचं आयुष्य पुष्कळ कमी. घरच्या वापराला ताकदीपेक्षा टिकणं महत्त्वाचं.

परत येताना स्टेशनजवळच्या फुटपाथवर ४००० एमएएच लिहिलेली चकचकीत जोडी दिसली, किंमत बघून हसू आलं. पेन्सिल आकारात निकेल-मेटल हायड्राइडची मजल साधारण २७००-२८०० च्या पुढे जात नाही, तेवढ्या नळीत माल मावतच नाही. मुद्दाम घेतली. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही सेल ठेवले. लॅमिंग्टन रोडचा सेल भरला २७ ग्रॅम, फुटपाथवरचा १६. हातातसुद्धा पोकळ वाटत होता. मग नव्या चार्जरमध्ये त्याची परीक्षा घेतली, म्हणजे पूर्ण भरायचा, पूर्ण उतरवायचा आणि किती निघालं ते मोजायचं. रात्रभर आकडा चढत होता, सकाळी पाहिलं तर सातशेच्या घरात थांबलेला. लेकाने ती जोडी विज्ञानाच्या बाईंना दाखवायला शाळेत नेली.

बीपीच्या मशीनबाबत मी जरा सावध होते. पुस्तिकेत अल्कलाइन सेल, म्हणजे साध्यापेक्षा महाग आणि दमदार असतात ते, वापरा असं लिहिलेलं, आणि चार्जिंगच्या सेलचं व्होल्टेज दीडऐवजी १.२. चार सेलचे सहाऐवजी ४.८ होतात. कागदावर हे वाईट दिसतं. प्रत्यक्षात अल्कलाइन सेल दीडवर सुरू होऊन सतत उतरत जातो, निम्म्या आयुष्यात तोही १.२ च्या आसपास येतो. चार्जिंगचा सेल नुकताच भरला की १.४ च्या जवळपास असतो, पटकन १.२ वर येतो आणि मग तिथेच ठाण मांडून बसतो, जवळजवळ शेवटपर्यंत. वर जड करंट द्यायची त्याची तयारी साध्या सेलपेक्षा कितीतरी चांगली. तरी प्रकृतीचा मामला, म्हणून आधी काही दिवस एकदा अ‍ॅडॉप्टर लावून आणि लगेच थोड्या वेळाने या सेलवर, असं मोजून बघितलं, आणि तपासणीला जाताना मशीन बरोबर नेऊन डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून घेतलं. फरक पडत नाही म्हटल्यावर अ‍ॅडॉप्टर कपाटात गेला. पट्टा आता पहिल्या दिवसासारखाच फुगतो आणि मोटर कण्हत नाही. फक्त एक सवय बदलावी लागली. साधे सेल हळूहळू रडत रडत मरायचे, हे मात्र शेवटच्या टप्प्यात एकदम बसतात, चिन्ह दिसल्यावर मग फार वेळ मिळत नाही. त्यामुळे चार भरलेले सेल कायम डबीत तयार.

माउसचंही तेच. कॉम्प्युटर त्यात साधाच सेल आहे असं धरून टक्के सांगतो, म्हणून नुकताच भरलेला सेल घातला तरी साठ-सत्तर टक्के दाखवतो. पुढे कित्येक आठवडे तोच आकडा. त्याच्याकडे लक्षच द्यायचं नाही.

खरा फायदा कुठे झाला, तर गाडीत. लेकाच्या त्या गाडीला चार पेन्सिल सेल लागतात आणि ती एका रविवारच्या दुपारीत साध्या सेलचा फडशा पाडायची. चार्जिंगचा एक सेल मला अडीचशेच्या आसपास पडला, म्हणजे वाण्याकडच्या साध्या सेलच्या पंधरा-वीस पट. गाडीच्या भुकेला हा खर्च एका सुट्टीत फिटतो. टीव्हीच्या रिमोटला साधा सेल वर्ष-दीड वर्ष पुरतो, तिथे हा खर्च फिटेपर्यंत टीव्हीच बदललेला असेल, आणि चार्जिंगचा सेल न वापरताही म्हातारा होतोच. घड्याळाचा तर प्रश्नच नाही, तिथे वाण्याकडचा साधा सेल हेच उत्तम. विजेचा खर्च हिशेबात धरायची गरज नाही. दोन हजार एमएएच गुणिले १.२ म्हणजे अडीच वॉट-अवरसुद्धा नाही. चार्जरची नासाडी धरून पाच धरा. एका युनिटमध्ये असे दोनशे सेल भरतात. बेस्टच्या बिलात ते दिसणारही नाहीत.

एसीचा रिमोट मात्र मी या हिशेबातून बाहेर काढला. एप्रिल-मे संपला की तो पावसाळाभर ड्रॉवरमध्ये पडतो, आणि मुंबईच्या दमट हवेत पडून राहिलेला सेल म्हणजे विस्तवाशी खेळ. साध्या सेलचं जस्ताचं कवच हेच त्याचं इंधन असतं, वापरता वापरता तेच खाल्लं जातं, मग आतला ओलसर माल बाहेर येतो. अल्कलाइनही गळतात, पॉटॅशची पांढरी पूड स्प्रिंगवर चढते. आमचा आधीचा रिमोट असाच गेला, कंपनीने नव्याचे सांगितलेले पैसे ऐकून सासरे म्हणाले, "पंखा बरा होता." चार्जिंगचे सेल क्वचितच गळतात. तेवढ्या एका कारणासाठी एसीच्या रिमोटमध्ये ते आहेत. तुमच्याकडे अल्कलाइन गळला असेल तर कापूस व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात भिजवून स्प्रिंग पुसावी, ती पूड अल्कधर्मी असते. साधा सेल गळला असेल तर उलट, त्याचा द्रव आम्लधर्मी असतो, तिथे खायच्या सोड्याचं पाणी. दोन्ही वेळा आधी सेल काढून, हाताला पिशवी बांधून, आणि शेवटी कोरडं पुसून पूर्ण वाळू द्यायचं. हिरवट गंज उरला तर खोडरबर चालतं.

गीझरला मी हात लावला नाही. पेन्सिल सेल मोठ्या सेलच्या खणात बसवायचे प्लास्टिकचे डबे मिळतात, लॅमिंग्टन रोडवर काकांनी दाखवलेही. पण गॅसच्या वस्तूत कमी व्होल्टेजचे प्रयोग कशाला करायचे? मोठे दोन सेल बरेच महिने चालतात.

आता सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा, ट्रान्झिस्टर. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त मजा आली. त्यांची सकाळ आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीवर सुरू होते, मीडियम वेव्हवर, आणि आवाज असा की शेजारच्यांनाही बातम्या कळाव्यात. माझ्या दिराने या सगळ्या खटाटोपाची थट्टा करत एक नवीच जात आणून दिली, लिथियमचे पेन्सिल सेल. त्यांच्या अंगालाच यूएसबीचं भोक असतं, मोबाइलची वायर खुपसायची की झालं, चार्जर नको. व्होल्टेजही थेट दीड. गाडीत घातले तर गाडी सुसाट. बाबांनी मग ते रेडिओत घातले.

सकाळी सहाला घरभर घूंSSS असा आवाज. त्याच्या पाठीमागे कुठेतरी दूर, विहिरीत पडल्यासारखी निवेदिका. बाबांनी रेडिओ खिडकीत नेला, आडवा केला, ट्यूनरची चकती इकडेतिकडे फिरवली. प्रत्येक स्टेशनवर तोच गुणगुणाट. "आज प्रक्षेपणातच बिघाड आहे," त्यांनी निकाल दिला. मी साधे सेल घालून दिले, तर निवेदिका विहिरीतून थेट आमच्या टेबलावर.

कारण असं की लिथियम सेलच्या आतलं मूळ व्होल्टेज ३.७ असतं. त्याचं दीड करण्यासाठी त्या नळीतच एक इवलंसं सर्किट बसवलेलं असतं, आणि ते सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होत राहतं. त्या उघडझापीचा कचरा नेमका मीडियम वेव्हच्या पट्ट्यात सांडतो. रेडिओची एरियल, म्हणजे ती फेराइटची काळी कांडी, सेलच्या खणापासून चार बोटांवर. तो कचरा ती इमानेइतबारे पकडते. एफएमवर हा त्रास बराच कमी जाणवतो, पण बाबांच्या रेडिओला एफएम नाही आणि त्यांना ते नकोही आहे. निकेलच्या सेलमध्ये असलं सर्किट नसतं, नुसती रसायनं. रेडिओत आता तेच आहेत आणि अस्मिता पूर्वीसारखी वाजते. दिराचे सेल परत गाडीत गेले. फक्त ते माझ्या चार्जरमध्ये चुकूनही जाऊ नयेत म्हणून त्यांची डबी वेगळ्या कप्प्यात ठेवली. लिथियम सेल निकेलच्या चार्जरमध्ये घालणं धोक्याचं, आणि दिसायला दोघे सख्खे भाऊ.

यावरून आठवलं, बाबांचा आणखी एक नियम, सेल पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करायचा नाही. तो निकेल-कॅडमियमच्या, म्हणजे याच्याआधीच्या चार्जिंगच्या सेलच्या जमान्यातला. आताच्या सेलना अर्ध्यावर भरलं तरी चालतं, उलट पार शून्यावर नेण्यानेच त्यांचं नुकसान होतं. विशेषतः एका ओळीत चार सेल असताना तिघांत ताकद असली आणि एक आधी संपला, तर बाकीचे तिघे त्या रिकाम्यातून उलटा करंट ढकलतात. म्हणून सेलचे संच फोडायचे नाहीत. बीपीच्या चारांच्या बुडाला मी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय, गाडीच्या चारांना निळा, रेडिओच्या दोघांना काहीच नाही, कारण बाबा ते कुणाला हात लावू देत नाहीत. ठिपका बुडाच्या मधोमध नको, कडेला. नाहीतर संपर्क होत नाही. आणि सुटे भरलेले सेल पर्समध्ये, किल्ल्या-नाण्यांबरोबर टाकायचे नाहीत. यांच्यातून करंट जोरात वाहतो, दोन्ही टोकांना नाणं टेकलं तर चटका बसेल इतके तापतात. प्लास्टिकची डबी वीस-तीस रुपयांत मिळते.

गणपतीत मखराला लावलेल्या लाइटच्या माळांनाही हेच सेल वापरले. माळेला तीन सेल, म्हणजे साडेचारऐवजी ३.६ व्होल्ट, त्यामुळे उजेड मंद पडला. मी बदलणार होते, पण सासूबाईंना तोच आवडला. "नाहीतर मूर्तीकडे बघवत नाही, डोळे दिपतात." पाच दिवस रोज रात्री सेल काढून चार्जरमध्ये आणि सकाळी परत मखरात, हे काम लेकाने आनंदाने केलं. एरवी त्याला साधं ताट उचलायला सांगावं लागतं.

उरलेल्या साध्या सेलचं काय करायचं हा प्रश्न आहेच, कारण घड्याळं आणि टीव्हीचा रिमोट तेच खातात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेले सेल घरच्या इतर कचऱ्यात टाकायचे नाहीत, वेगळे द्यायचे. आमच्या सोसायटीत अधूनमधून ई-कचऱ्याची गाडी बोलावतात, तोपर्यंत लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ते साठतात. टोकांना चिकटपट्टी लावून ठेवते. चार्जिंगचेही कधी ना कधी याच बरणीत येतील, चार्जरच्या पडद्यावर क्षमता निम्म्याखाली दिसली की.

गेल्या महिन्यात ऑफिससाठी दुसरा माउस घ्यायचा होता. दुकानात सगळे आतच बॅटरी असलेले, वायर लावून चार्ज करायचे. मी म्हटलं, सेलवाला दाखवा. "मॅडम, ते जुनं झालं. यात सेलची कटकटच नाही," तो म्हणाला. मी विचारलं, आतली बॅटरी दोन-तीन वर्षांनी गेली तर बदलून मिळेल? त्याने खांदे उडवले, आत जाऊन मागच्या फळीवरून धूळ बसलेला खोका काढला आणि झटकून माझ्यापुढे ठेवला. एक पेन्सिल सेल लागतो त्याला. डिस्काउंटही दिला.